परमेश्वराने एलीयाला आधी झोपू दिले

आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपासनेनंतर कोणी कोणाची विचारपूस केली की ‘प्रभूच्या कृपेने सर्व ठीक आहे’ असे उत्तर येते. त्या उत्तरामागे कृतज्ञता असते आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु ज्या माणसाची रात्रीची झोप उडाली आहे, सकाळी कामावर जाण्याच्या नुसत्या विचाराने ज्याची छाती धडधडू लागते, घरातल्या माणसांचे साधे बोलणेही ज्याला सहन होईनासे झाले आहे, त्याच्याही तोंडून जेव्हा हेच उत्तर बाहेर पडते, तेव्हा त्याच्यापर्यंत मदत पोहोचण्याची वाट बंद होते. चिंता म्हणजे अविश्वास आणि अविश्वास म्हणजे पाप, अशी समजूत आमच्या अनेक घरांत पक्की बसलेली आहे. पवित्र शास्त्र वाचताना मला तसे आढळले नाही. ख्रिस्ताने मला जी शांती दिली ती, मनात जे आहे ते त्याच्यापुढे आणि त्याच्या माणसांपुढे जसेच्या तसे मांडण्याची मोकळीक मिळाल्यावर आली. ती मोकळीक मला शास्त्रानेच दिली, हे सांगण्यासाठी मी हे लिहीत आहे.

मी एका बँकेच्या कर्जविभागात काम करते. मार्चअखेर जवळ आली की थकीत कर्जांच्या याद्या, वसुलीची उद्दिष्टे आणि वरिष्ठांचे फोन यांनी दिवस भरून जातो, आणि ज्यांच्याकडून वसुली करायची ती माणसे स्वतःच किती अडचणीत आहेत हे दिसत असल्यामुळे त्या कामाचे ओझे घरीही सोबत येते. एका वर्षी नेमके याच सुमारास सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर होती आणि यजमानांची बदली नुकतीच दुसऱ्या जिल्ह्यात झाली होती. मध्यरात्रीनंतर मला जाग येई आणि पुन्हा डोळा लागत नसे. प्रार्थनेला बसले की शब्द सुचत नसत. लहानपणापासून पाठ असलेली वचने ओठांवर येत, परंतु ती दुसऱ्या कोणासाठी लिहिलेली असावीत तशी वाटत. त्या दिवसांत आमच्या महिला मंडळातल्या एक वयस्क बाई घरी आल्या. त्यांनी सासूबाईंजवळ थोडा वेळ बसून प्रार्थना केली, आणि निघताना मला म्हणाल्या, “अगं, पहिल्या राजांचा एकोणिसावा अध्याय वाच. हळूहळू वाच. घाई करू नकोस.”

पवित्र शास्त्रातल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाचा हा अध्याय एलीयाविषयी आहे. एलीया हा इस्राएलाचा थोर संदेष्टा. कर्मेल डोंगरावर बआल या परक्या दैवताच्या 450 संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहिला, त्याच्या प्रार्थनेला उत्तर म्हणून आकाशातून अग्नी उतरला, कित्येक वर्षांचा दुष्काळ संपून पाऊस कोसळला, आणि त्या पावसात तो अहाब राजाच्या रथापुढे धावत इज्रेलपर्यंत गेला. हे सारे अठराव्या अध्यायात आहे. पुढचा अध्याय सुरू होताच ईजबेल राणीचा निरोप येतो की उद्या या वेळेपर्यंत तुला ठार केल्याशिवाय राहणार नाही, आणि हाच शूर माणूस जीव मुठीत धरून पळतो. बैर-शेबा येथे तो आपल्या चाकराला मागे ठेवतो, एकटाच दिवसभराची वाट रानात चालून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. आता पुरे झाले, असे तो म्हणतो. शब्बाथ शाळेत कर्मेलाची गोष्ट आम्हांला रंगीत चित्रांसह शिकवली होती. झुडपाखालची गोष्ट कोणी शिकवल्याचे मला आठवत नाही, आणि मुलांना ती शिकवायला हवी असे माझे ठाम मत आहे.

या मागण्यावर परमेश्वराने काय केले, हे मी त्या रात्री पुन्हा पुन्हा वाचले. त्याने एलीयाला बोल लावला नाही. कालच तर तू माझे सामर्थ्य पाहिलेस, मग आज हे काय, असेही विचारले नाही. एलीया झोपी गेला आणि देवाने त्याला झोपू दिले. मग देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले व खायला सांगितले, तेव्हा त्याच्या उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला, पाणी प्याला आणि पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला, त्याने पुन्हा स्पर्श केला, पुन्हा खायला सांगितले, आणि या वेळी कारणही सांगितले, की तुला फार दूरचा प्रवास करायचा आहे. झोप, अन्न, पाणी आणि कोणाचा तरी स्पर्श, एवढे झाल्यावरच तो 40 दिवस व 40 रात्री चालून होरेब डोंगराला पोहोचला. तेथे वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी पेटला, आणि त्यांपैकी कशातही परमेश्वर नव्हता. त्यानंतर एक शांत, मंद वाणी ऐकू आली. ‘देवाची मंद वाणी’ या विषयावर मी अनेक प्रवचने ऐकली आहेत, परंतु ती वाणी ऐकण्याआधी त्या थकलेल्या माणसाला दोनदा जेवू घालून दोनदा झोपू दिले होते, हा भाग प्रवचनांतून बहुधा गळतो.

होरेबावर देव त्याला विचारतो, “एलीया, तू येथे काय करतोस?” एलीया आपले गाऱ्हाणे सांगतो: मी तुझ्यासाठी झटलो, लोकांनी तुझा करार मोडला, तुझ्या संदेष्ट्यांना मारले, मी एकटाच उरलो आहे आणि आता माझाही जीव घ्यायला टपले आहेत. मंद वाणी होऊन गेल्यावर देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि एलीया तेच उत्तर, जवळजवळ त्याच शब्दांत, पुन्हा देतो. एवढे मोठे दर्शन झाल्यावरही त्याचे गाऱ्हाणे बदललेले नाही, आणि देव दोन्ही वेळा ते पुरते ऐकून घेतो. मग तो त्याला पुढचे काम नेमून देतो, अलीशा हा सोबती देतो, आणि इस्राएलात बआलापुढे गुडघे न टेकलेली 7000 माणसे अजून आहेत हेही कळवतो. आपण एकटे उरलो आहोत ही एलीयाची भावना खरी होती, तिच्यामागची माहिती अपुरी होती. तणावात असलेल्या प्रत्येक माणसाला मी हा अध्याय वाचायला सांगते, कारण एकटेपणाची ती भावना मनात कशी घर करते हे मी सोसलेले आहे.

त्यानंतर मी पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेकडे वळले, आणि ज्या स्तोत्रांवरून माझी नजर वर्षानुवर्षे घसरत गेली होती ती मोठ्याने वाचू लागले. 150 स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे थोडीथोडकी नाहीत, इतर कोणत्याही प्रकारापेक्षा तीच अधिक आहेत. तेराव्या स्तोत्राच्या आरंभी दावीद देवाला ‘कोठवर’ असे चारदा विचारतो. बेचाळीस आणि त्रेचाळीस या दोन स्तोत्रांत मिळून एकच ओळ तीनदा येते, “हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? तू आतल्या आत का तळमळत आहेस? देवाची आशा धर.” पहिल्यांदा ती ओळ म्हणून स्तोत्रकर्त्याचे मन शांत झालेले नाही, म्हणून तो ती दुसऱ्यांदा म्हणतो, आणि तिसऱ्यांदाही म्हणतो. माझ्या प्रार्थना त्या काळात अशाच होत्या. बँकेत जाताना बसमध्ये खिडकीशी बसून मी तीच ओळ मनात घोळवत असे, आणि उतरण्याचा थांबा येईपर्यंत कधी श्वास संथ होई, कधी होत नसे.

अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र याहूनही कठीण आहे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात, हे तसे वळत नाही, आणि त्याचा शेवट अंधारातच होतो. तरीही ते स्तोत्र यहूदी लोकांनी जपले, मंडळीने जपले, आणि ते आजही आपल्या हातातल्या पवित्र शास्त्रात आहे. ज्या देवाच्या ग्रंथात असे स्तोत्र आहे त्या देवाजवळ, प्रभू, मला आज काहीच दिसत नाही, असे म्हणायला भीती कशाची? खुद्द प्रभू येशूने गेथशेमाने बागेत आपल्या जिवाला मरणप्राय खेद झाल्याचे शिष्यांना उघड सांगितले, त्यांना आपल्याबरोबर जागे राहण्याची विनवणी केली, आणि तेच शब्द उच्चारून तीनदा प्रार्थना केली. त्याच्या मागे चालणाऱ्यांनी आपला खेद लपवावा, अशी अपेक्षा त्याच्याकडून आलेली असणे मला शक्य वाटत नाही.

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, लिहिलेले वचन येथे बहुधा पुढे केले जाते: “कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा.” हे वचन मला अतिशय प्रिय आहे आणि म्हणूनच ते दटावणीसारखे वापरलेले मला पाहवत नाही. पौलाने ते बंधनात असताना लिहिले. त्याच पत्रात एपफ्रदीत हा आपला सहकारी मरणाच्या दारी पोहोचला होता हे तो सांगतो, आणि देवाने त्याच्यावर दया केली नसती तर आपल्याला दुःखावर दुःख झाले असते असेही मोकळेपणाने लिहितो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर सर्व मंडळ्यांची चिंता हा आपल्यावरचा रोजचा भार असल्याचे तो कबूल करतो. रोज चिंता वाहणाऱ्या माणसाने चिंता करणाऱ्या माणसांना दिलेला हा सल्ला आहे, आणि त्यात मागणी देवाला कळवण्याचा मार्ग सांगितला आहे. चिंता कळवायची तर ती आधी आपल्याजवळ आहे हे मान्य करावेच लागते.

या वाटेवर मी डॉक्टरांकडेही गेले, आणि ते लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही. रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवले आणि काही महिने गोळ्या घ्यायला सांगितल्या. नात्यातल्या एकांनी गोळ्यांविषयी नाराजी दाखवली, कारण प्रार्थना पुरेशी असली पाहिजे असे त्यांना मनापासून वाटत होते. त्यांच्या भक्तीविषयी मला आदर आहे, परंतु महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती सेवेचा इतिहास त्यांच्या मताच्या बाजूने उभा राहत नाही. डॉ. विल्यम वानलेस 1890च्या दशकात मिरजेत आले तेव्हा त्यांनी सुवार्तेबरोबर शस्त्रक्रियागृहही आणले, आणि सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंतच्या रुग्णांसाठी मिरज हे वैद्यकाचे ठिकाण बनले. ख्रिस्ताच्या नावाने रुग्णालये उभारणाऱ्या मंडळीने आपल्या मनाच्या दुखण्यासाठी मात्र रुग्णालयाची पायरी चढू नये, हे पटण्यासारखे नाही. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकाला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. एलीयाला देवदूताच्या हातून भाकर मिळाली, मला एका औषधाच्या चिठ्ठीतून झोप मिळाली, आणि दोन्हींच्या मागे असलेला दाता एकच आहे असे मी मानते.

शब्बाथाची आज्ञाही मला याच काळात नव्याने भेटली. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा शास्त्रातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे आणि ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातही आहे, परंतु दोन्हीकडे कारण वेगळे दिलेले आहे. निर्गमात देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला हे कारण आहे. अनुवादात मात्र, तू मिसर देशात दास होतास आणि परमेश्वराने तुला तेथून बाहेर काढले, हे कारण सांगितले आहे. दास असताना काय चालले होते ते निर्गमच्या पाचव्या अध्यायात वाचावे. फारोने विटा करण्यासाठी लागणारे गवत देणे बंद केले, ते लोकांनीच गोळा करून आणावे असे फर्मावले, आणि विटांची संख्या मात्र पूर्वीइतकीच ठेवली. लोकांनी गाऱ्हाणे केले तेव्हा तो म्हणाला की तुम्ही आळशी आहात. माणसे कमी करून उद्दिष्ट तेवढेच ठेवणाऱ्या कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. रविवारी उपासनेहून आल्यावर मी आता बँकेचा फोन बंद ठेवते आणि दुपारी निवांत झोपते. तो आळस आहे असे मला वाटत नाही, कारण मी फारोची दासी नाही हे मला त्या झोपेत देवासमोर कबूल करता येते.

सासूबाईंविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण घरातली शांती पुष्कळशी त्यांच्यामुळे परतली. झटक्यानंतर त्यांची वाचा जवळजवळ गेली होती. पाणी हवे आहे की कूस बदलायची आहे, हेही त्यांना सांगता येत नसे, आणि त्यांची चिडचिड व माझा थकवा एकमेकांना वाढवत असत. त्यांचे बालपण अहमदनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले होते, आणि रेव्हरंड टिळकांची भजने त्यांना तोंडपाठ होती. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, आणि त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग आणि ओवीच्या चालीत आणली. तेव्हापासून नगरकडच्या खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती घरांत पेटी, टाळ आणि मृदंगावर प्रभूचे नाव गायले जाते. एका संध्याकाळी मी त्यांचे अंग पुसत असताना सहज एक भजन गुणगुणत होते, आणि दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. शब्द स्पष्ट होते. पक्षाघाताने बोलणे गेलेल्या काही रुग्णांना पाठ असलेले गाणे म्हणता येते, कारण गाण्यासाठी मेंदूचा दुसरा भागही कामाला येतो, असे त्यांच्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले. वैद्यकाचे हे स्पष्टीकरण ऐकून माझा आनंद कमी झाला नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही दोघी गात असू. गाताना श्वास लांब होतो, खांदे सैल पडतात, आणि ज्या माणसाची सेवा करताना जीव मेटाकुटीला येतो त्याच माणसाबरोबर आपण देवासमोर उभे आहोत असे वाटू लागते. आई पुढे पुष्कळ सावरल्या, परंतु बोलणे अखेरपर्यंत तुटकच राहिले आणि गाणे अखेरपर्यंत पूर्ण.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनविषयी, म्हणजे पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या आश्रमाविषयी, मी अलीकडे पुष्कळ वाचते. 1896च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी, निराधार मुली व बालविधवा आपल्याकडे आणल्या. त्या मुलींची मने किती घायाळ असतील याची कल्पनाही करवत नाही. रमाबाईंनी त्यांना प्रार्थना शिकवली, परंतु त्याबरोबर पोटभर अन्न दिले, निजायला सुरक्षित जागा दिली, अक्षरओळख दिली, विणकाम, शेती आणि छपाईचे काम हाताला दिले. रमाबाईंनी स्वतः मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच ठिकाणी छापले गेले. त्यांच्या अखेरच्या वर्षांत, 1921 मध्ये, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्याही प्रभूकडे गेल्या. ख्रिस्ती विश्वासाने मनाच्या जखमा कशा बऱ्या होतात हे कोणी विचारले तर मी केडगावकडे बोट दाखवते. झुडपाखाली निजलेल्या एलीयाला जे मिळाले, तेच त्या मुलींना मिळाले, आणि ते एका स्त्रीच्या हातून मिळाले.

मार्च महिना आजही तसाच येतो आणि वसुलीचे आकडेही तसेच येतात. काही रात्री अजूनही जाग्या जातात. फरक इतकाच आहे की त्या रात्री आता देवापासून लपण्यात जात नाहीत. “अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन,” हे प्रभूचे बोलावणे भार घेऊनच येणाऱ्यांसाठी आहे, हे मला आता अंतःकरणापासून पटले आहे.

ज्यांना आपल्या मंडळीत मोकळेपणाने बोलणे अजून शक्य नाही, त्यांच्यासाठी एक माहिती. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, 14416 हा तिचा क्रमांक आहे, दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. आमच्या पाळकसाहेबांनी हा क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर, रविवारच्या शास्त्रपाठांच्या शेजारीच लावला आहे, आणि इतर मंडळ्यांनीही तो लावावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या महिला मंडळानेही या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, विलापाची स्तोत्रे वाचायला घेतली आहेत. एकीने स्तोत्र वाचायचे, मग ज्या बहिणीला आपले काही सांगायचे असेल तिने सांगायचे, आणि बाकीच्यांनी ऐकायचे. सांगून झाल्याबरोबर तिच्या दुःखावर कोणी लगेच वचन सुचवायचे नाही, एवढा एकच नियम आम्ही ठेवला आहे.